नळवाल्यांच्या घरातला धुराचा पाइप

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा पाइप आहे, आणि माझ्या पोटातून पाणी कधीच वाहिलेले नाही. हे आधीच सांगून टाकतो. पाइप म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे नळ येतो, टाकी येते, फार तर मोरी येते. या एका समजुतीपायी एका घरातली बाई मरता मरता वाचली. ती हकीगत सांगायची तर जन्मापासून सुरुवात करायला हवी. कंटाळू नका, मी लांबलचक असलो तरी माझी गोष्ट तेवढी लांब नाही.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. दुकान कसले, रस्त्याकडेची एक अरुंद खोली. तिथे दिवसभर हातोड्यांचा असा दणदणाट चाले की शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाला खुणांनीच विचारायचा, मिशी ठेवू की उडवू. पत्रेवाल्याने जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कापला, लोखंडी दांड्यावर वाकवून गोल केला आणि दोन्ही कडा एकमेकींत अडकवून ठोकल्या. मग पक्कड घेऊन माझ्या एका तोंडाला चुण्या पाडल्या, म्हणजे ते तोंड दुसऱ्या पाइपात घट्ट बसावे. मला लागले, पण त्या गोंगाटात ऐकतो कोण. पत्रेवाला म्हातारा होता आणि काम करता करता पाइपांशी बोलायची त्याला खोड होती.

"धूर मोठा आळशी असतो," तो मला म्हणाला. "गरम आहे तोवर वर चढतो. थंड झाला की बसला बूड टेकून. त्याला रस्ता वरचा द्यावा आणि सरळ द्यावा."

त्या वेळी मला त्यातले अक्षर कळले नाही. मी नवाकोरा होतो, चकचकीत होतो, आणि आपण किती चमकतो याखेरीज माझ्या डोक्यात दुसरे काही नव्हते.

मला बसवायला आल्या त्या फिटरबाई. गॅसची उपकरणे जोडायची हे त्यांचे काम. ठेंगणी मूर्ती, खांद्यावर अवजारांची पिशवी आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरच्यांना वाटावे आपल्यालाच रागावताहेत. घर इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर होते. स्वयंपाकघराच्या मागे एक उघडी गॅलरी होती, तिच्यावर पत्र्याचे छप्पर, आणि कोपऱ्यात पाणी तापवायचा गॅसचा गीझर. टाकीवाला, गोल, पोट सुटलेला. घरातले लोक त्याला बंब म्हणत, म्हणून मीही बंबच म्हणतो. फिटरबाईंनी बंबाच्या डोक्यावरच्या पत्र्याच्या टोपीवर मला उभा केला, प्रत्येक सांध्याला स्क्रू मारले, भिंतीला पट्ट्यांनी आवळले आणि छपरातून सरळ वर काढले. सगळ्यात वर पावसासाठी एक झाकण. खालचे तोंड बंबावर, वरचे तोंड आभाळात. माझी दृष्टी या दोन तोंडांत आहे, त्यामुळे मला एकाच वेळी घरातलेही दिसते आणि बाहेरचेही.

घरमालक होते नळवाले. म्हणजे नळदुरुस्तीचे काम करणारे. सगळी इमारत त्यांना याच नावाने हाक मारी. माणूस कामाचा पक्का. त्यांनी जोडलेल्या सांध्यातून थेंब गळाला असे कुणी ऐकले नव्हते. फिटरबाई हात पुसत त्यांना म्हणाल्या, "पाण्याच्या पाइपाला तुम्ही उतार देता, याला चढ लागतो. आडवा करायचा नाही, उतरता तर मुळीच नाही. आणि ही गॅलरी कधी बंद करायची झाली तर आधी मला बोलवा."

नळवाले हसले. "बाई, पाइपांतच जन्म गेला माझा."

"पाण्याच्या," फिटरबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून जिना उतरू लागल्या.

पुढची कित्येक वर्षे माझी सुखाची गेली. बंबात निळी ज्योत पेटे, धूर माझ्यातून वर चढे, झाकणाखालून बाहेर पडे आणि वाऱ्याबरोबर निघून जाई. घरातल्या वहिनी, म्हणजे नळवाल्यांच्या पत्नी, थंडीच्या सकाळी येता-जाता माझ्यावर तळवा ठेवत आणि म्हणत, "बाई, किती छान ऊब आहे याला." एवढे कौतुक मला दिवसभर पुरे. इमारतीतले लोकही त्यांना वहिनीच म्हणत. त्या शिवणकाम करत आणि त्यांची टीप सरळ म्हणजे सरळ असे. कौतुक आटले तेही हळूहळूच. माझी चमक गेली, अंगावर धूळ बसली, कोळ्यांनी संसार थाटले. माझ्याकडे मान वर करून बघणारे कुणी उरले नाही. मला त्याचे फारसे वाईट वाटले नाही. काम चालू होते, ज्योत निळी होती.

मग छपरातले ते भोक गळू लागले. मी जिथून बाहेर पडत होतो, तिथल्या कडेचा लेप उन्हाने तडकला होता. पावसाळ्यात माझ्या अंगावरून पाणी ओघळे आणि गॅलरीत थेंब थेंब पडे. लेप नवा लावला की काम झाले असते. पण हे घर नळवाल्यांचे होते. खालच्या मजल्यावर एक मास्तर राहत, शाळेत शिकवायचे आणि घरी चेष्टा करायचे. ते एकदा वर आले, खाली ठेवलेली बादली पाहिली आणि म्हणाले, "वा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का?"

झाले. नळवाल्यांना ते फार लागले. त्याच सुमारास वहिनींचे काम वाढले होते आणि मशीन ठेवायला जागा हवी होती. नळवाल्यांनी ठरवले, गॅलरी बंद करून वहिनींना शिवणाची खोली करून द्यायची आणि ही गळतीही कायमची मिटवायची. मला आठवते, ते खोलीचे माप घेताना शीळ घालत होते. माझ्या सगळ्या हकिगतीत मला सर्वांत वाईट याचे वाटते, की जे झाले ते प्रेमापोटी झाले.

त्यांनी गॅलरीला भिंत घातली, भिंतीवर सरकत्या काचा बसवल्या. छपराला आतून फळ्या मारल्या आणि भोक बुजवले. मला वरून खाली काढले, कापले, मध्ये एल्बो, म्हणजे कोपरासारखा वाकलेला तुकडा, घातला आणि काचांच्या वरून भिंतीतून आडवा बाहेर नेला. नुसता आडवा नव्हे. पातळी बघायची नळी लावून, एक डोळा मिटून, त्यांनी मला बाहेरच्या बाजूला छान उतार दिला. चुकून पाणी शिरलेच तर ते बाहेर वाहून जावे म्हणून. आयुष्यभर त्यांनी पाइपांना उतार दिला होता. हात आपोआप तिकडेच गेले.

मी खालून वर न जाता वरून खाली जाऊ लागलो. पत्रेवाल्याचे बोलणे मला त्या दिवशी कळले.

फिटरबाईंना बोलवावे असे वहिनींनी एकदा सुचवले. "अहो, त्या म्हणाल्या होत्या ना, गॅलरी बंद केली तर कळवा म्हणून."

"पाइपाचं काम आहे," नळवाले म्हणाले. "त्यासाठी मी दुसऱ्याला बोलवू?"

हिवाळा आला. काचांच्या फटींतून वारा येतो म्हणून त्यांनी सगळ्या फटी सिलिकॉनने भरून टाकल्या. काचाही चिकटल्या, पण थंडीत काच उघडायची कुणाला आहे, असे ते म्हणाले. दाराच्या खालीही रबराची पट्टी लावली. मग मेणबत्ती पेटवून काचांच्या कडेने फिरवली. ज्योत जराही हलली नाही तेव्हा त्यांनी वहिनींकडे असे पाहिले, जसे पोरगा परीक्षेचा निकाल आणून आईकडे बघतो.

आता मित्रांनो, थोडे शाळेतले ऐका. बंबात गॅस जळायला हवा लागते. भरपूर हवा मिळाली तर ज्योत निळी राहते आणि धूर मुकाट्याने माझ्यातून निघून जातो. हवा कमी पडली की ज्योत पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू भराभर तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. नाकाला पत्ता लागू न देता तो रक्तात शिरतो. आधी डोके जड होते, मग मळमळते, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठेलच याची खात्री नसते. बंद खोलीत ज्योत पिवळी पडली होती. आणि तो वायू बाहेर न्यायचे ज्याचे काम, त्या माझे तोंड खाली वळवलेले होते. थोडा धूर मी कसाबसा बाहेर ढकलत होतो. बाकीचा माझ्यात थंड व्हायचा, मागे फिरायचा आणि टोपीखालच्या फटीतून खोलीत उतरायचा.

मी ओरडू शकत नव्हतो. मी जे करता येईल ते केले. धुरातली वाफ माझ्यात गार होऊन पाणी व्हायची, ते बाहेरच्या तोंडातून टपटपायचे. काचांवर आतून दाट वाफ धरायची. नळवाल्यांनी दोन्ही पाहिले. टपटपणारे पाणी दाखवून म्हणाले, "बघ, उतार दिला म्हणून बाहेर जातंय, नाहीतर घरात पडलं असतं." आणि काचेवरची वाफ पुसून म्हणाले, "एवढीशीसुद्धा फट नाही राहिली कुठे." माझी प्रत्येक हाक त्यांना शाबासकी वाटत होती.

तरी थोडक्यात निभावले असते. बंब दिवसातून थोडा वेळच पेटायचा. पण वहिनींना एका वसतिगृहाच्या पडद्यांचे काम मिळाले. ढिगाने पडदे, जाड सुती कापड, आणि तारीख अगदी जवळची. असे कापड शिवायच्या आधी गरम पाण्यातून काढावे लागते, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून पडदे गुडघ्यापर्यंत येतात. त्यामुळे बंब सकाळपासून दुपारपर्यंत पेटलेला राहू लागला. टबात कापड बुडायचे, पिळले जायचे, आणि त्याच खोलीत मशीन चालायचे.

एकटीला झेपेना म्हणून नळवाल्यांची थोरली बहीण मदतीला राहायला आली. वहिनी तिला वन्सं म्हणत, मीही तेच म्हणतो. वन्सं कामाला वाघ होत्या आणि बोलायला त्याहून वाघ. गुडघा दुखरा होता, पण त्याची तक्रार त्यांनी कधी केली नाही आणि दुसऱ्याची कधी ऐकून घेतली नाही.

त्या आल्याच्या दुसऱ्याच दिवशी वहिनी मशीनवरून मान वर करून म्हणाल्या, "वन्सं, डोकं फार जड झालंय हो."

"काम वाढलं की डोकं दुखतं," वन्सं कापड पिळत म्हणाल्या. "पुष्कळ पाहिलंय मी."

"नाही हो, खरंच. गंमत म्हणजे बाहेर दुकानात जाऊन आले की बरं वाटतं."

"वाटणारच. काम इथे राहतं ना."

वहिनी ओशाळून हसल्या आणि पुन्हा मशीन चालवू लागल्या. नंतर त्या डोक्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी वरून पाहत होतो. वन्सं पाठमोऱ्या झाल्या की वहिनी मशीनच्या थंड लोखंडावर कपाळ टेकवत, आणि चाहूल लागली की चटकन सरळ बसत. एकदा त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "बाहेर गेलं की बरं वाटतं, म्हणजे खरंच मी काम टाळतेय की काय." मला तेव्हा इतके रडू आले की बाहेरच्या तोंडातून पाण्याची धार लागली. ती पाहून नळवाल्यांना पुन्हा समाधान वाटले.

नळवाल्यांनी वहिनींच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पाहिली नव्हती असे नाही. "चष्म्याचा नंबर वाढला असेल तुझा," ते म्हणाले. नंबर तपासून आणला, काचा बदलल्या. वहिनी नव्या चष्म्यातून मशीनकडे बघत बसल्या आणि मशीन त्यांना तसेच अंधुक दिसत राहिले.

आणि मग एके दिवशी वन्संनी डोक्याला रुमाल आवळून बांधला.

"काय झालं वन्सं?" वहिनींनी विचारले.

"काही नाही. कापडाचा धुरळा केसांत जातो."

कापड ओले होते, त्याला कसला आलाय धुरळा. वन्संचे डोके ठणकत होते. पण चार दिवसांपूर्वी ज्या दुखण्याला आपण नाटक ठरवले, तेच आपल्याला झाले, हे सांगायचे कुठल्या तोंडाने. आता दोघींची डोकी दुखत होती. एकीने सांगायचे नाही, कारण तिला बोल लावला होता. दुसरीने सांगायचे नाही, कारण बोल तिनेच लावला होता. अधूनमधून वन्सं भिंतीचा आधार घेऊन उभ्या राहत आणि सावरून पुन्हा कामाला लागत. मी दोघींच्या डोक्यांवर लटकत होतो आणि त्या दोघींपैकी एक तरी तोंड उघडो म्हणून देवाकडे भीक मागत होतो.

शेवटचा गठ्ठा उरला, त्या दिवशी सकाळपासून गार वारा सुटला होता. वारा सरळ आमच्या भिंतीवर येत होता, म्हणजे सरळ माझ्या बाहेरच्या तोंडात. आजवर मी थोडाफार धूर बाहेर ढकलत होतो, तेही आता बंद झाले. वारा आत घुसे आणि धुराला मागे लोटे. नळवाले कामावर गेले होते. बंब पेटलेला होता. ज्योत पिवळी, लांब आणि आळसावलेली. टोपीच्या कडेने पत्रा काळा पडू लागला होता.

"पडद्यांच्या कड्या कमी पडतील," वन्सं म्हणाल्या. "मी घेऊन येते."

"मी जाते ना. तुमचा गुडघा."

"तू शीव. माझी टीप तुझ्यासारखी सरळ येत नाही."

वन्संनी कुणाला दिलेली ती पहिली शाबासकी असावी. वहिनी हसल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या. दार बंद झाले. दोरा काही ओवला जाईना. त्यांनी तो ओला केला, पुन्हा धरला, सुईच्या बाजूने गेला. हात खाली आला.

बाहेरच्या तोंडातून मला रस्ता दिसत होता. वन्सं फाटकातून बाहेर पडल्या, लंगडत कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. वाऱ्याने त्यांचा पदर उडत होता. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला. दोन-चार श्वास घेतले. मग कपाळावर हात ठेवला, जणू तिथे असलेली एखादी वस्तू हरवली आहे.

आतल्या तोंडातून मला वहिनी दिसत होत्या. त्यांची मान हळूहळू मशीनकडे चालली होती.

वन्सं पुढे निघाल्या. दुकान समोरच होते. मला वाटले, संपले. आता या दुकानात शिरतील, कड्यांचा भाव करतील, दुकानदाराला चार नावे ठेवतील, आणि तोवर वर काही उरणार नाही. पण रस्ता ओलांडता ओलांडता त्या मध्येच उभ्या राहिल्या. एका सायकलवाल्याने वळसा घेतला आणि काहीतरी बोलून गेला. वन्संनी ते ऐकले नाही. त्या वर आमच्या खिडकीकडे पाहत होत्या. वाफेने पांढऱ्या झालेल्या काचांकडे. त्यांचे ओठ हलले, आणि इतक्या लांबून ऐकू आले नाही तरी त्या काय म्हणाल्या ते मी सांगू शकतो. बाहेर आलं की बरं वाटतं.

मग त्या धावल्या. दुखऱ्या गुडघ्याने, चपला तिथेच टाकून. जिन्यातली त्यांची पावले मी मजल्यामजल्याने वर येताना ऐकली. आत वहिनी मशीनवर पडल्या होत्या, गाल कापडावर, चष्मा वाकडा. ज्योत जळतच होती.

दार उघडले. "अगं," वन्संनी हाक मारली. "अगं, ऊठ." वहिनी उठल्या नाहीत. वन्सं काचेकडे झेपावल्या, खिटी ओढली, काच ओढली. काच हलली नाही. नळवाल्यांचे काम होते ते, त्यांनी बसवलेले सहसा सुटत नाही. वन्संचे पाय लटपटायला लागलेले मला दिसले. आणखी थोडा वेळ त्या काचेशी झोंबल्या असत्या तर त्याही तिथेच बसल्या असत्या. पण त्यांनी काच सोडली. पडद्याचे जाड कापड जमिनीवर ओढले, वहिनींना खुर्चीवरून त्यावर घेतले आणि कापडाचे टोक दोन्ही हातांनी धरून मागे मागे सरकत त्यांना ओढू लागल्या. उंबऱ्याशी कापड अडले. वन्सं खाली बसल्या, पाय भिंतीला रोवले आणि अशी ओढ मारली की दोघी पलीकडे गेल्या. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, जिना.

"मास्तर," वन्संची हाक साऱ्या इमारतीने ऐकली. "मास्तर, वर या. गॅस बंद करा."

मास्तर आले. गॅसची चावी जिन्यात होती, ती त्यांनी फिरवली आणि फोन केला. बंब विझला. मग गाडीचा आवाज, पावले, कुणाचे तरी रडणे, आणि सगळे गेले. मी त्या रिकाम्या खोलीत गार होत राहिलो. माझे अंग गार पडताना कुरकुरते. तो आवाज मला त्या दिवशी सहन होत नव्हता. वहिनी आहेत की गेल्या, हे मला सांगणारे तिथे कुणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी नळवाले एकटेच आले. मागोमाग फिटरबाई. फिटरबाईंचे केस पिकले होते, आवाज तसाच होता, पण त्या दिवशी त्यांनी तो वर काढला नाही.

"कशा आहेत?"

"नळीने प्राणवायू देताहेत. अजून डोळे उघडले नाहीत."

फिटरबाईंनी सगळी दारे उघडली, खोलीत वारा खेळू दिला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग बंब थोडा वेळ पेटवला, सगळे दरवाजे पुन्हा लावून घेतले, काडी ओढली, विझवली, आणि ती धुमसती काडी नळवाल्यांच्या हातात दिली. "टोपीच्या कडेला धरा."

काडीचा धूर टोपीखाली आत ओढला जायला हवा होता. तो बाहेर फेकला गेला, नळवाल्यांच्या तोंडावर. त्यांनी काडी पुढे नेली, मागे नेली. धूर प्रत्येक वेळी त्यांच्याकडेच आला. फिटरबाईंनी बंब बंद केला आणि दारे उघडली.

"पाणी गळत होतं," नळवाले म्हणाले. "म्हणून मी उतार दिला."

"छपराची कड गळत होती. ती बुजवायची होती."

नळवाले खाली बसले. हातात काडी तशीच. "मी फटीसुद्धा बुजवल्या," ते म्हणाले. "तिला वारा लागू नये म्हणून." आणि मग तो पक्का माणूस लहान पोरासारखा रडला. फिटरबाईंनी पिशवीतून पेचकस काढला आणि माझा पहिला स्क्रू सोडवायला घेतला.

त्यांनी मला पुन्हा उभा केला. एल्बो काढून टाकला, कापलेल्या जागी नवा तुकडा जोडला, छपरातून सरळ वर नेले, कडेला चांगला लेप दिला. भिंतीत खाली एक आणि वर एक अशी हवा यायला-जायला भोके पाडून जाळ्या बसवल्या. ती भोके नळवाल्यांनी स्वतः पाडली. या खोलीत आजवर त्यांनी हवेच्या वाटा फक्त बुजवल्या होत्या. भिंतीवर विषारी वायूची सूचना देणारी एक छोटी पेटीही लागली. माझ्यापेक्षा ती बरी, तिला ओरडता येते.

त्याच संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला, वहिनींनी डोळे उघडले.

त्या घरी आल्या तेव्हा फार अशक्त होत्या. वन्संनी त्यांना खुर्चीत बसवले आणि उरलेले पडदे स्वतः शिवायला घेतले. टीप वाकडी जात होती. वहिनी ती बघत होत्या. अर्धा पडदा झाल्यावर वन्संनी मशीन थांबवले.

"मलाही दुखत होतं गं," त्या मशीनकडेच बघत म्हणाल्या. "डोकं. तुला तसं बोलल्यावर माझं कसं सांगू, म्हणून गप्प बसले. सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती."

"मला माहीत होतं," वहिनी म्हणाल्या.

"कसं?"

"तुम्ही रुमाल बांधलात तेव्हाच. ओल्या कापडाला धुरळा असतो का कुठे. पण विचारलं असतं तर तुम्ही चिडला असता."

"चिडलेच असते," वन्सं म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. खालच्या जाळीतून गार वारा येत होता आणि त्याला कुणी काही म्हटले नाही.

मित्रांनो, मी आता गंजलोय. एका सांध्याला डाग पडलाय, पुढच्या वर्षी फिटरबाई मला उतरवून नवा पाइप बसवणार आहेत आणि ते योग्यच आहे. जायच्या आधी एवढेच मागतो. तुमच्या घरात गॅसवर पाणी तापत असेल, तर आज मोठ्या माणसांचा हात धरून त्या पाइपापर्यंत जा आणि मान वर करून बघा. तो वर चढतोय का, त्याचे तोंड मोकळे आहे का, खोलीत हवा येतेय का. त्याला हलवायचे झाले तर ज्याचे ते काम आहे त्यालाच बोलवायला सांगा, मग घरात कुणी कितीही हुशार असो. आणि घरातले कुणी म्हणाले की डोके दुखते, तर त्याला नाटकी म्हणू नका. तुमचे दुखत असेल तर लपवू नका.

पडदे केव्हाच गेले, पण वन्सं अजून इथेच आहेत. सकाळी बंब पेटवला की त्या एक काडी ओढतात, विझवतात आणि टोपीच्या कडेला धरतात. धूर माझ्यात शिरतो.

"डोकं?" त्या विचारतात.

"नाही," वहिनी म्हणतात. "तुमचं?"

"नाही."

मग मशीन सुरू होते.